छातीत कुणाच्या दुखतंय?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दारामागच्या खुंटीवर पिशव्या साठत जातात तसे ते साठतात, आणि एक काढायला जावं तर चार खाली पडतात. मी इंदूरच्या मिल एरियात एका लहानशा ट्रस्टच्या दवाखान्यात बरीच वर्षं ईसीजी काढले. त्यामुळे माझ्या खुंटीवरच्या पिशव्या सगळ्या छातीच्या दुखण्याच्या!

मी या कामात आले ती आमच्या ह्यांची मिल बंद पडली म्हणून. भोंगा वाजायचा थांबला आणि घरात एक धडधाकट माणूस दिवसभर रेडिओ दुरुस्त करताना दिसू लागला. रेडिओ तर चांगला चालत होता! ते बघवेना, तेव्हा मी सहा महिन्यांचा ईसीजीचा कोर्स केला आणि नोकरी धरली.

कॅज्युअल्टीत आम्ही तिघं. डॉक्टर व्यास, कमलाबाई आया आणि मी. डॉक्टर रतलामकडचे. त्यांना मराठी सगळं कळायचं, पण बोलायचे हिंदीत. कमलाबाई जुन्या इंदुरातल्या, त्या दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलायच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण आत आलेला पेशंट पुरुष आहे की बाई, हे त्या खोलीत न डोकावता सांगायच्या.

कसं? तर दाराबाहेरच्या चपला बघून. वीस-पंचवीस जोड इकडेतिकडे फेकलेले असले की पुरुष. एकच जोड, तोही भिंतीला नीट लावून ठेवलेला, की बाई.

एकदा मात्र त्या चुकल्या. बाहेर चपलांचा ढीग आणि आत टेबलावर एकटी बाई! कमलाबाई बुचकळ्यात पडल्या. मला म्हणाल्या, "देखो, जमाना बदल रहा है. बाईसाठी पण लोक यायला लागले!"

मग कळलं की ट्रस्टनं वेटिंग रूममध्ये नवा रंगीत टीव्ही बसवला होता आणि मॅच चालू होती.

*

पुरुष कसे यायचे, ते आधी सांगते. आमचे मिश्राजी ठेल्यावर झोपून आले. लूम खात्यातला माणूस, आवाज मशीनच्या वर जाणारा. भाजीचा ठेला, त्यावर मिश्राजी, आणि आजूबाजूला अख्खी चाळ. एक जण वारा घालतोय, एक जण तळपाय चोळतोय, आणि एक जण नुसताच ओरडतोय, "भिया, हवा आने दो, हवा!" हवा अडवून उभा होता तो स्वतःच.

मिश्राजी छाती धरून म्हणाले, "डॉक्टर साहब, मैं तो गया. बच्चों को बुला लो."

"बच्चे यहीं खड़े हैं," डॉक्टर म्हणाले. "सुबह से क्या खाया?"

"कुछ नहीं साहब. बस कचोरी."

"कितनी?"

मिश्राजींनी डोळे मिटून घेतले. "साहब, घर की गिनूँ कि चौराहे की भी?"

ईसीजी स्वच्छ निघाला. मी पट्टी दाखवली, तर मिश्राजी माझ्यावरच नाराज झाले. "मैडम, मशीन पुरानी है क्या?"

हसायला येतं खरं, पण एक सांगते. त्या वर्षांत मिलवाले पुरुष ऊठसूट छाती धरून यायचे आणि त्यांच्या पट्ट्या बहुतेक नॉर्मल निघायच्या, तरी त्यांची भीती खोटी नव्हती. वीस वर्षं ज्या फाटकातून आत गेले ते फाटक बंद झालेलं रोज बघायचं, याचं दुखणं आमच्या मशीनवर उमटत नव्हतं, एवढंच. आणि पुरुषांचं एक बरं होतं. दुखलं की ते ओरडायचे. त्यामुळे ज्याला खरोखरच अटॅक आलेला असायचा, तोही वेळेवर पोचायचा.

*

आता बाया. परदेशीपुऱ्यातून एक बाई चालत आल्या, हातात रिकामी पिशवी. डॉक्टरांनी विचारलं, "दर्द कब से है?"

"दर्द नाही हो. जरा घबराहट होतेय. नळ आला तेव्हापासून."

"नल कितने बजे आता है?"

"पाच वाजता."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजत आले होते. "छह घंटे! छह घंटे आप क्या कर रही थीं?"

बाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, की याला कुणी डॉक्टर केलं! "पहिले पाणी भरलं. मग ह्यांचा डबा, पोरांचा डबा. मग कपडे. नळ काय माझ्यासाठी थांबतो?"

अटॅक होता. बाई नशिबानं वाचल्या. पण त्या दिवसापासून डॉक्टर व्यासांनी बायांना घड्याळाची वेळ विचारणं सोडून दिलं. बाई आली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "नल के पहले कि नल के बाद?" आणि उत्तर अगदी बिनचूक मिळायचं! एकदा इंग्रजीत लिहिलेल्या केस पेपरवर मधेच त्यांच्या हातचं वाचलं, "दर्द शुरू: दूसरी रोटी पर."

*

"दर्द" हा शब्दच आमच्याकडे बाया वापरत नसत. कुणाला घबराहट, कुणाचा जीव कसानुसा, कुणाचा हात भरून आलेला, कुणाला नुसतीच पाठ जड. डॉक्टरांच्या पुस्तकात चित्र होतं ते छाती धरलेल्या पुरुषाचं. कमलाबाईंनी ते पुस्तक एकदा उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "साहब, इसमें बाई किस पन्ने पे है?"

डॉक्टर म्हणाले, "बाई का अलग पन्ना नहीं है."

"तभी!" असं म्हणून कमलाबाईंनी पुस्तक परत ठेवलं.

त्यांचा स्वतःचा नियम सोपा होता. जी बाई "कुछ नहीं हुआ, सब ज़बरदस्ती ले आए" असं म्हणेल, तिला सगळ्यांच्या आधी झोपवायचं.

*

बेटम्याच्या एक काकी होत्या, धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. सकाळी बेटम्याहून बसनं इंदूरला आल्या त्या दवाखान्यासाठीच. आमच्याकडे पोचल्या दुपारी दोन वाजता. सोबत दीर आणि पाच पिशव्या.

मी टेबलावर घेतलं, जेली लावली, आणि पट्टी सरकायला लागली तसा माझा चेहरा उतरला. डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी पट्टी पाहिली, मग पिशव्या पाहिल्या.

"काकीजी, बेटमा से यहाँ तक एक घंटा लगता है. आप सुबह से थीं कहाँ?"

"राजवाड्याच्या बाजारात." काकी शांतपणे म्हणाल्या. "पोरीचं लग्न आहे ना वैशाखात. आता तुम्ही मला इथं ठेवून घेणार, हे मला माहीत होतं. म्हणून म्हटलं, साड्या पहिले घेऊन टाकू."

त्या आठ दिवस आमच्याकडे होत्या. तिसऱ्या दिवशी बसता यायला लागलं, तशा त्यांनी सगळ्या साड्या पलंगावर काढून आम्हाला दाखवल्या. एक डॉक्टरांना आवडली नाही. काकींनी ती दिराबरोबर दुकानात परत पाठवली!

*

मानपूरकडच्या एक सूनबाई आल्या होत्या, कपाळाखाली घुंघट आणि शेजारी जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठजी मिशा असलेले, भारदस्त. डॉक्टर सूनबाईंना विचारायचे आणि उत्तर द्यायचे जेठजी.

"कहाँ दर्द होता है?"

"इनको दर्द नहीं होता," जेठजी म्हणाले.

"साँस फूलती है?"

"इनकी नहीं फूलती."

"आपको कैसे मालूम?"

"आज तक हमसे बोली ही नहीं!"

जेठासमोर सून बोलत नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. ती बोलली नाही, याचा जेठजींनी त्यांच्या परीनं सरळ अर्थ लावला होता. डॉक्टरांनी त्यांना मोठ्या आदरानं बाहेर नेलं आणि चहा पाजला. इकडे घुंघट वर झाला, आणि सूनबाई दहा मिनिटं श्वास न घेता बोलल्या. कुठे दुखतं, कधी दुखतं, किती पायऱ्या चढल्यावर दुखतं, सगळं तोंडपाठ! इतकी नीट हिस्टरी आम्हाला मास्तर लोकांनीसुद्धा दिली नव्हती.

शेवटी घुंघट खाली ओढताना म्हणाल्या, "जेठजी का भी देख लेना. रात को बहुत खाँसते हैं, पर हमसे बोलते नहीं."

*

आमचे हे एका वर्षात तीनदा छाती धरून आले. तिन्ही वेळा पट्टी अशी सुरेख, की शिकाऊ पोरींना दाखवायला ठेवावी. तिसऱ्यांदा मी जरा वैतागूनच म्हटलं, "अहो, तुम्हाला काही झालेलं नाही."

"मग मला होतंय काय?" त्यांनी विचारलं. चेहरा एवढासा झालेला. मी पट्टी पुन्हा एकदा वरून खाली पाहिली. 

कमलाबाई फरशी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भियाजी, आपको काम नहीं है. वही हो रहा है."

 दुसऱ्या दिवशी मी उठले तर हंडे भरलेले! त्यानंतर आमच्या घरी नळ त्यांचा आणि झोप माझी. चाळीतले लोक हसायचे, मग हसायचे थांबले. छातीचं दुखणं मात्र पुन्हा आलं नाही.

*

आता सांगते तो किस्सा नाही. पण तो वगळला तर मी पुढे जशी वागले ते कळणार नाही, म्हणून सांगते.

आमच्याच गल्लीतल्या सुमनताई. माझ्या लग्नात मला मेंदी त्यांनी लावली होती. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दवाखान्यात आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. आत एका कापड दुकानदाराला आणलेलं होतं. चपलांचा खच, मुनीम, भाऊ, मेहुणे, सगळा गोतावळा आणि एकच आरडाओरडा. मी जेली घ्यायला बाहेर आले तेव्हा सुमनताई दिसल्या.

"काय गं ताई?"

"काही नाही. तुझं होऊ दे आधी."

मला वाटलं, कुणाला तरी भेटायला आल्यात. मी आत गेले. पुन्हा कागदाचा रोल घ्यायला आले, तेव्हाही त्या तशाच बसलेल्या. पदरानं घाम पुसत होत्या. मी म्हटलं, "उकडतंय ना?" त्या म्हणाल्या, "हो ना."

दुकानदाराला नुसता गॅस झालेला निघाला. त्याचा गोतावळा हसत-खिदळत बाहेर पडला. मग मी बाकाशी गेले. सुमनताई भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या आणि चप्पल पायाशी नीट लावलेली होती. आम्ही सगळं केलं, डॉक्टरांनी अर्धा तास सोडलं नाही. उपयोग झाला नाही.

"उकडतंय ना" हे माझे शब्द मला अजून ऐकू येतात. कोर्समध्ये घामाबद्दल शिकून आलेली मी! मला माझाच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी बाकावरच्या एकाही बाईला तसंच बसू दिलं नाही. पेशंटला सोडायला आलेली असो, डबा घेऊन आलेली असो, नाही तर रस्ता विचारायला आलेली. तिच्यासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "ताई, तुम्हाला काय होतंय?" बऱ्याच जणी चिडायच्या. एकदा मी ट्रस्टींच्या बायकोलाच ईसीजीला झोपवलं. त्या दिवाळीची मिठाई वाटायला आल्या होत्या! ट्रस्टी रागावले. डॉक्टर व्यास म्हणाले, "सर, इनको मत रोकिए." मग मला कुणी थांबवलं नाही.

*

आता शंकरराव सांगते. फोल्डिंग खात्यात कारकून होते. मिल बंद झाल्यावर घरीच असायचे. इतका मवाळ माणूस, की रांगेत मागचा ढकलायला लागला तर त्यालाच पुढे जाऊ द्यायचे. तर हे शंकरराव एका सकाळी टेम्पोतून आले ते अक्षरशः किंचाळत. "मेलो रे, मेलो! माझी छाती!" टेम्पोतले सगळे प्रवासी उतरून त्यांना धरून आणताहेत, आणि मागून कुसुमकाकू, त्यांची बायको. एका हातात त्यांच्या चपला, एका हातात पाण्याचा थर्मास.

मी शंकररावांना टेबलावर घेतलं. कुसुमकाकू दाराशी उभ्या राहिल्या. मी मनगटाला क्लिप लावायला वाकले, तर शंकररावांनी माझा हात घट्ट धरला आणि अगदी हळू, अगदी शांत आवाजात म्हणाले, "पोरी, मला काही नाही. हिचं काढ."

मला आधी कळेनाच.

"तीन दिवस झाले, जिना चढताना थांबते. काल कणीक मळताना खाली बसली. चल म्हटलं तर म्हणते, मला काय धाड भरलीय! स्वतःसाठी ती येणार नाही गं. माझ्यासाठी कुठेही येईल." आणि लगेच मान वळवून मोठ्यानं, "अगं आई गं! मेलो!"

मी दाराकडे पाहिलं. कुसुमकाकूंचा चेहरा राखेसारखा झालेला. कपाळावर घाम, आणि तरी त्या थर्मासचं झाकण उघडत होत्या.

मी म्हटलं, "काकू, इकडे या. सोबतच्या माणसाचा पण ईसीजी काढायचा असतो आमच्याकडे."

"माझा? आधी ह्यांचं बघा! माझं काय घेऊन बसलीस?"

मग शंकररावांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी हात पुढे केला आणि लहान पोरासारखे रडवेले होऊन म्हणाले, "कुसुम, मला भीती वाटतेय. तू इथे माझ्या बाजूच्या पलंगावर आडवी हो ना. तू झोपलीस की मी झोपतो."

"चार लोकांत काय हे," असं पुटपुटत काकू झोपल्या. मी शंकररावांकडे पाठ करून क्लिपा काकूंना लावल्या. पट्टी हातभर बाहेर येईपर्यंत डॉक्टर माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी पट्टी पाहिली, एकदा शंकररावांकडे पाहिलं, आणि कमलाबाईंना म्हणाले, "दरवाज़ा बंद करो." इंजेक्शन सुरू झालं. पूर्ण वेळ शंकरराव शेजारच्या टेबलावरून, काकूंना उठावंसं वाटलं की, कण्हायचे. काकू म्हणायच्या, "हो हो, आहे मी इथेच," आणि पुन्हा पडून राहायच्या.

दुपारी काकूंचा रंग परत आला. कमलाबाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या, आणि मीही.

डॉक्टरांनी काकूंना सरळ सांगितलं, की अटॅक तुम्हाला आला होता. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येणारच. ह्यांना तसं बघितल्यावर मला येणार नाही तर काय!" डॉक्टर पुन्हा समजवायला लागले, तेव्हा शंकररावांनी मागून हात जोडले. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

घरी जाताना मिठाचं पथ्य सांगितलं. काकू म्हणाल्या, "माझ्या एकटीसाठी कोण वेगळं शिजवतंय! पण ह्यांच्यासाठी अळणी करावंच लागेल. त्यातलंच घास-दोन घास मी पण खाईन."

पुढे दर दोन महिन्यांनी दोघं यायचे. शंकरराव आधीच बारीक, ते आणखी बारीक झालेले. शेवेशिवाय ज्या माणसानं आयुष्यात पोहे खाल्ले नाहीत, तो दोन वर्षं अळणी पोहे खात होता. मी एकदा हळूच विचारलं, "काका, तुम्हाला काही झालंच नव्हतं, हे सांगून का टाकत नाही?"

ते म्हणाले, "गोळ्या वेळेवर घेतेय ती. माझ्याबरोबर घेते. मी व्हिटामिनची घेतो."

काकू आत आल्या की पदर सावरून टेबलाशी उभ्या राहायच्या आणि मला बजावायच्या, "माझं मागाहून. आधी ह्यांचं काढ."

मी आधी शंकररावांचं काढते. दर वेळी नॉर्मल येतं. काकू ती पट्टी उजेडात धरून पाहतात, घडी करून ब्लाउजात ठेवतात, आणि मग निवांतपणे टेबलावर झोपतात.